पुढचे चार दात

ता. ५ नोव्हेंबर, बुधवार
महाडला दातांच्या डॉ. बाईंकडे जाऊन आलो. वरचे पुढचे चारही हलतात. हिरड्या रक्तातल्या साखरेने खाल्ल्यात म्हणाल्या. काढावे लागतील, या महिन्यातच. विचारलं, बासरी वाजेल का मग? त्यांना वाटलं म्हातारा सहज विचारतोय. पिशवीतून काढली आणि त्यांच्या त्या आडव्या खुर्चीत उठून बसून वाजवून दाखवली. बाहेरचे पेशंट दार ढकलून बघायला लागले. बाई सरळ म्हणाल्या, "काका, खरं सांगू? मला माहीत नाही. कवळी लावून लोक बोलतात, जेवतात, भांडतात. बासरीवाला माझ्याकडे पहिलाच."
खोटी आशा दाखवली नाही, बरं वाटलं.
पण २९ ला मुंबईत रेकॉर्डिंग आहे. किती वर्षांनी कोणी बोलावलंय. गोळ्या घेतल्या, २९ नंतर बघू म्हणालो. इतकं थांबू नका म्हणाल्या. घरी बायकोला, कमळला, सांगितलं, हिरडी जराशी सुजलीय, बाकी काही नाही.

७ नोव्हें., शुक्रवार
रेणूचा परत फोन. रेणू म्हणजे आमच्या मास्तरांची मुलगी. मास्तर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या चालींवर मी उमेदीची सगळी वर्षं गायलो, फुंकलो. ही तेव्हा रेकॉर्डिंगला यायची आणि वाद्यांच्या खोक्यांवर बसून चित्रं काढायची. आता स्वतः सिनेमाला संगीत देते.
गाणं एका म्हाताऱ्या गुराख्याचं आहे. दोन ओळी मी गायच्या, बाकी बासरी. म्हणाली, "काका, तुमच्या बासरीत हवा ऐकू येते. ती हवीय मला. बाकीच्यांची फार स्वच्छ असते."
आता ही हवा म्हणजे माझी चूक. गुरू असता तर पहिल्याच महिन्यात घालवली असती. आमच्या कापडे गावाच्या वरच्या माळावर गुरं घेऊन जायचो, छत्रीची काडी तापवून बांबूला भोकं पाडायचो, तिथे कोण सांगणार हवा गळतेय म्हणून. त्या चुकीवर घर चाललं, मुलीचं लग्न झालं, आणि आज तीच चूक मागायला फोन आला. काय म्हणावं.

१० नोव्हें., सोमवार
भाताची झोडणी आटोपली. स. खळ्यावर बसून वाजवलं. खालचे सूर ठीक. तार सा, म्हणजे वरचा सा, लावायला गेलो की दात मागे सरकतात. वरचा ओठ दातांवर टेकतो ना, भिंतीला पाठ टेकावी तसा. भिंतच हलली तर माणूस कुठे टेकणार.
दुपारी एक युक्ती सुचली. बासरीचा एखादा सूर चढा लागला की आम्ही भोकाच्या कडेला आतून मेण लावतो, सूर बसतो. डब्यात गोविंदने दिलेलं मेण होतंच. गोविंद शेजारचा, मधाची पोळी काढण्यात पटाईत. थोडं मेण बोटांनी मऊ केलं आणि दातांच्या मागे दाबून बसवलं. थंड पाणी धरलं तोंडात. घट्ट.
तार सा लागला. स्वच्छ नव्हे, माझाच, हवेसकट. हसू आलं. स्वतःचेच दात सुरात लावणारा मी पहिलाच असेन.

१४ नोव्हें., शुक्रवार
मेणाचं रोज सकाळी चाललंय. दोन तास रियाज होतो. जेवताना काढून ठेवतो. भाकरी दुधात कुस्करून खातो. कमळ बघते.
आज गिरणीची आठवण आली. परळला आमच्या गावाची खोली होती, सगळे गाववाले त्यात, प्रत्येकाची एक पेटी आणि पेटीएवढीच जागा. मला काम पिठाच्या गिरणीत. जातं सुरू झालं की एकच सूर धरायचं दिवसभर. त्या सुरात मी गायचो, दुसरा तानपुरा कुठून आणणार. कोरसमध्ये गाणारे एक जण गहू घेऊन यायचे. दळण झालं तरी उभेच. एकदा विचारलं, गाता कोणत्या पट्टीत? मी म्हणालो, गिरणीच्या. त्यांनी ही गोष्ट मास्तरांना सांगितली. मास्तरांनी बोलावून घेतलं, बाजाच्या पेटीवर सूर शोधला आणि हसत हसत म्हणाले, गिरणी बेसूर नाही तुझी.
ते गृहस्थ स्वतः आयुष्यभर कोरसमध्येच राहिले. मला पुढे ढकललं. त्यांचे आभार मानायचं तेव्हा सुचलं नाही, आता मानून कुणाला पोचणार. तरी लिहून ठेवतो.

१८ नोव्हें., मंगळवार
पकडलो गेलो. सकाळी मेण काढायचं विसरून गरम चहा प्यालो. मेण वितळलं. कमळ कप विसळायला घेऊन गेली आणि तशीच परत आली.
"अवो, हे काय वर तरंगतंय?"
खोटं सुचेना. सगळं सांगितलं. दात, डॉ., २९ ता., मेण.
मेणावर ती रागावली नाही. म्हणाली, "गाईच्या शिंगाला लावा नायतर दाताला लावा, तुमचं मेण हाय. माज्याशी खोटं कशाला बोललात? हिरडी सुजलीय म्हने जराशी." मग दिवसभर अबोला. संध्याकाळी मऊ भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं. ताटाशेजारी फोन ठेवला. रेणूला सांगा, असा अर्थ.
नाही केला फोन. अकरा दिवस राहिलेत. निभेल.

२२ नोव्हें., शनिवार
नाही निभलं. काल दुपारपासून ताप, रात्री गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. सकाळी रिक्षा करून महाड. कमळ बरोबर.
बाईंनी आत बघितलं आणि चिमट्याने मेणाचा तुकडा काढून माझ्यासमोर धरला. हे काय, काका? कमळनेच सांगितलं सगळं. मेणाने वरून बूच बसलं, खाली पू साठत गेला. बाई चिडल्या होत्या पण आवाज खालीच. मी म्हणालो, एक आठवडा द्या. त्या म्हणाल्या, "हे वर सरकलं तर माझ्या हातात राहणार नाही. मग मुंबईला जाल, पण रेकॉर्डिंगला नाही."
कमळने माझ्याकडे बघितलंच नाही. पिशवी मांडीवर घेऊन भिंतीवरचं दातांचं चित्र बघत बसली. मी मान हलवली.
आज दोन काढले. सोमवारी उरलेले दोन.
खुर्चीत पडल्या पडल्या आठवत होतो, स्वतःच्या दातांनी शेवटचं काय वाजवलं? काल सकाळी. अर्धवट. गाय दावं तोडून गोविंदच्या वालाच्या शेतात शिरली म्हणून बासरी टाकून धावलो होतो. शेवटचं आहे हे माहीत असतं तर काहीतरी बरं वाजवलं असतं. निदान पुरं केलं असतं.

२५ नोव्हें., मंगळवार
चारही गेले. आरशात बघितलं, माझे आजोबा दिसले.
कमळला म्हणालो, बघ आता कसा दिसतो. ती तांदूळ निवडत होती. "मी काय दात बघून आलेली नाय या घरात."
दु. रेणूला फोन केला. बोलताना त ला फ लागत होता. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, गाण्याच्या दोन ओळी आहेत ना अजून?"
म्हटलं, अगं शब्द फुटत नाहीत, सगळी हवाच बाहेर येतेय.
"त्या सिनेमातल्या म्हाताऱ्याला पण दात नाहीत. या तुम्ही."

३० नोव्हें., रविवार
काल मुंबई झाली. दोघंही गेलो, मुक्काम शोभाकडे, लेकीकडे. आज परत. दमलोय पण लिहितो.
स्टुडिओ म्हणजे आता एक खोली. पूर्वी हॉलमध्ये साठ-साठ वादक असायचे, एकाची चूक झाली की साठ जणांनी पहिल्यापासून. काल मी एकटा, कानांवर हेडफोन, काचेपलीकडे रेणू. कमळला आत सोफ्यावर बसवलं. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा रेकॉर्डिंगला आली. तेव्हा कधी आणलं नाही. का आणलं नाही याला काहीच कारण सापडत नाही.
दोन ओळी चौथ्या टेकला झाल्या. सूर बरोबर होता. शब्दांचं काय झालं ते रेणूला आवडलं.
बासरीला एक बाई आल्या होत्या, अदिती. तिशीतल्या. रीतसर शिकलेल्या. पंचम काय लावतात, दिव्याची वात सरळ उभी राहावी तसा. खोटं कशाला लिहू, पहिली दोन मिनिटं हेवा वाटला. ती माझी जागा होती. मग त्यांनीच हेडफोन काढला आणि विचारलं, काका, वरून खाली येताना तुम्ही काय करता? जुनं गाणं घरी पन्नास वेळा लावून बघितलं, मला येत नाही. मी हाताने दाखवलं. बोट उचलायचं नाही, लोळवायचं. त्यांनी दोनदा केलं, तिसऱ्यांदा आलं. आणि हेवा गेला कुठच्या कुठे.
त्यांनी विचारलं, तुम्ही डाव्या बाजूला का धरता बासरी? मी खरं ते सांगितलं. माळावर लोकांची शेतं उजव्या अंगाला होती. बासरी उजवीकडे धरली की गुरं शेतात शिरलेली दिसत नसत. सगळे हसले, कमळ सगळ्यात जास्त.
निघताना रेणू म्हणाली, शेवटचा तुकडा मी मोकळा ठेवलाय. फक्त बासरी, वर तार सा पर्यंत जाऊन थांबणारी. तो तुमचा. कवळी आली की या. गाणं गुढीपाडव्यानंतर पुरं करून द्यायचंय, तोवर थांबते. मी म्हटलं, अदिती वाजवतील की. अदितीच म्हणाल्या, नको काका, तुमचं तुम्ही वाजवा.
एवढा मान. पचवायला जड जातोय.

१२ डिसेंबर, शुक्रवार
जखमा भरल्या. आज लपूनछपून फुंकून बघितलं. काही नाही. फुस्स. ओठ आत जातो, फुंक कुठेही पसरते. गोविंद कुंपणापलीकडून ओरडला, "आप्पा, पावा ऱ्हाऊ दे, कुकरची शिट्टी तरी काढा." त्याला काय माहीत. हसलो. आत येऊन मात्र बासरी पिशवीत घातली आणि खुंटीला टांगली.

२८ डिसें., रविवार
काढली नाही खुंटीवरची.
गुरांमागे वरच्या माळावर गेलो होतो. तिथे एक पोरगाही गुरं राखत नाही आता, सगळे मुंबईला. गाय चरत होती. मी नुसता बसलो. एका गाण्याचं सांगायचं राहिलंय, माझ्या सगळ्यात गाजलेल्या. मूळ मी फक्त सरावापुरतं गायचं होतं, मोठ्या गायकाने ऐकून नंतर त्यावर गायचं. तेव्हा तशीच पद्धत होती. अशी कितीतरी गाणी मी आधी गायलोय आणि ती पुसून त्यावर दुसरं चढलंय. या एका वेळी मोठे गायक आले, ऐकलं आणि म्हणाले, राहू दे मास्तर, हा गुराखीच बरा आहे. आणि निघून गेले. त्यांचं काय जात होतं गायला? काही नाही. तरी सोडलं.
माझ्या वाट्याला माणसं अशी आली. आता तार सा आला नाही म्हणून रडत बसलो तर कसं दिसेल ते.
तरी यावा.

२१ जानेवारी, बुधवार
कवळी आली. तोंडात कुणीतरी पाहुणा येऊन पाय पसरून बसलाय असं वाटतं. दवाखान्यातच बासरी लावली. शिट्टी वाजली, ती पण दातातून. वर जायला गेलो तर कवळीच सुटून बासरीवर आपटली. बाईंची मदतनीस तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "परत वाजवा. मी बघते हवा कुठून जाते." स्टूल ओढून बाजूला बसल्या. कपाटातून गुलाबी मेणाची पट्टी काढली. कवळी याच मेणावर आधी घडवतात म्हणे. "काका, मेण हे असतं. आणि ते मी लावते, तुम्ही नाही."
दीड तास गेला. मागून थोडं घासलं, पुढे थोडं चढवलं, पुन्हा फुंका. बाहेर पेशंट ताटकळलेले. एक जण कुरकुरला तर बाई म्हणाल्या, आत अवघड केस आहे.
शेवटी मधला सा लागला. पातळ, थरथरता. बाईंनी टाळी वाजवली. मी डोळे पुसले, दुसरं काय करणार.

११ फेब्रुवारी, बुधवार
दासनवमीला शिवथरला. घळीत दरवर्षी भजनाला बासरी माझी. यंदा झांज घेतली. लोकांनी विचारलं, तर कवळी काढून दाखवली, मग कोणी आग्रह केला नाही.
घरी रियाज रोजचा. पूर्वीचं सगळं विसरून पहिल्यापासून. बासरी थोडी आत वळवली, ओठ थोडा खाली. माळावर शिकलो तेव्हाही असंच होतं, कोणी सांगणारं नाही, कान आणि तोंड आपसांत बघून घेतात. या वयात पुन्हा नवशिका होता आलं. पंचमापर्यंत जातोय आता. त्याच्या वर हात लागत नाही.

५ मार्च, गुरुवार
शिमग्याची देवाची पालखी आज दारी. ढोल एवढे की गाय बावरली. पालखी नाचवून पोरं पाणी प्यायला बसली. त्या शांततेत, कुणाला न सांगता, पडवीत बासरी लावली. तार सा आला. एकदाच. लगेच पुन्हा केला तर नाही.
कमळ नारळ फोडत होती. हात थांबला तिचा. माझ्या वाजवण्यावर ती कधी बोलत नाही, संसारात एकदाही नाही. आत जाताना म्हणाली, "आला वाटतं."

१४ मार्च, शनि.
मोजायला लागलोय. पाच वेळा केला तर एकदा येतो. कधी दोनदा. कधी येणार हे आधी कळत नाही. रेणूचा फोन, २३ ता. शेवटची. त्यानंतर गाणं तिच्या हातात राहत नाही. मी खरं तेच सांगितलं. पाचात एकदा, फार तर दोनदा. तुझा वेळ जाईल. अदितींना सांग.
ती म्हणाली, "मग पाच वेळा घेऊ. नाहीतर पन्नास. मला एकच पाहिजे."
रात्र आहे विचार करायला म्हणालो. कमळला विचारलं, जाऊ का? नाही आला तर काचेमागे सगळे बसलेले असतात, तोंड दाखवायला लाज वाटते.
ती म्हणाली, "मेण लावून जीव घालवत होतात तेवा लाज नाय वाटली?"
म्हणजे जा.

२० मार्च, शुक्रवार
महाडला कवळीची शेवटची घासणी. आज सत्याग्रहाचा दिवस, चवदार तळ्यावर दरवर्षीप्रमाणे लोक लोटलेले. एस.टी. स्टँडपासून चालत जावं लागलं. दवाखान्याच्या खाली सावलीला एक गायन पार्टी जेवत होती, लांब मराठवाड्यातून रात्रभर टेम्पोने आलेली. पेटीवाले माझ्याच वयाचे. माझ्या पिशवीतून बासरीचं टोक दिसलं त्यांना. काय दादा, कलावंत का? मी म्हटलं, होतो. दात गेले, वरचा सा लागत नाही भरवशाचा.
ते म्हणाले, "मग मधला वाजवा. आमच्याकडं वरचं गाणारे लई आहेत."
त्यांनी भाकरी बाजूला ठेवून पेटी ओढली. मी त्यांच्या गाण्याला मधल्या सप्तकात साथ दिली, जिथे वर जायचं तिथे त्यांच्या बायका गायल्या. दात गेल्यावर चार लोकांत पहिल्यांदाच वाजवलं. डॉ. बाई जिन्यात येऊन उभ्या. निघताना पार्टीतल्या एका आजीने हातावर चटणी-भाकर ठेवली, नको म्हणता येईना. तिथेच उभ्याने खाल्ली, नव्या दातांनी. तिखट होती.
नाव विचारायचं राहिलं त्यांचं.

२२ मार्च, रविवार
शोभाकडे पोचलो. कमळ बरोबर. संध्याकाळी गॅलरीत थोडं वाजवलं. पाचात दोनदा. म्हणजे आहे ते हेच. मेण नाही, लपवाछपवी नाही, रेणूला माहीत आहे, कमळला माहीत आहे. हलकं वाटतंय.

२३ मार्च, सोमवार, सकाळ
अकराची वेळ दिलीय. अंघोळ झाली. कवळी नीट बसलीय. कमळ रेकॉर्डिंगचं म्हणून चांगलं लुगडं नेसलीय आणि तयार होऊन खुर्चीवर बसलीय, मला उशीर होतोय असं तोंड करून.
सकाळपासून बासरी चारदा पिशवीतून काढली. एकदा फुंकून बघावं, येतो का, असं फार मनात येतं. नाही फुंकली. पाचात दोनदाच यायचा असेल तर त्यातला एक इथे गॅलरीत कशाला खर्च करू.
निघतो.